मान, थोडी डावीकडे

एर्मेलिंडाबायने पहिल्या दिवशी पावलं शिकवलीच नाहीत.
रायच्या त्या हॉलमध्ये, जिथे एरवी लग्नाच्या खुर्च्या रचून ठेवतात,
मला खिडकीशी उभं केलं, म्हणाली,
"मान वयर. दाव्यान पळय.
पांयांक पळोवं नाका, ते खंयच वचचे नात."

एकतीस वर्षं मी मडगावला शिवणयंत्रावर बसतेय.
नवरींचे पांढरे गाऊन, देवळातल्या लग्नांचे ब्लाऊज.
मान मोडून काम करणं म्हणजे काय
ते माझ्या सहाव्या-सातव्या मणक्याला विचारा.
गावाचे गळे मी मापले, बोट, चौकोनी, मागे नाडीचे;
स्वतःचा मात्र अंदाजाने कापला.

ती चौऱ्याहत्तरची. गुडघा गेलाय, बसून शिकवते,
हातात कपडे वाळत घालायची काठी.
काठीचं टोक माझ्या अंबाड्याखाली:
इथून वर. हनुवटी नव्हे.
हनुवटी उचललीस तर नुसती ऐट दिसेल.
डोकं पाच किलोचं असतं, बाजारातलं मध्यम कलिंगड,
ते झेफेरिनोवर टाकलंस
तर तो नाचणार कसा? हमाली करेल.

झेफेरिनो तारवटी. बावीस वर्षं हलत्या बोटीवर सूप वाढलं,
थेंब सांडला नाही, असं तोच सांगतो.
त्याच्या दंडावर माझा डावा हात, बरगडीजवळ बरगडी.
खरं सांगते, तीन आठवडे मी श्वासच कोंडून धरला.
परक्या पुरुषाच्या इतकं जवळ मी फक्त कदंब बसमध्ये उभी राहिलेली,
तिथेही खिडकीबाहेर बघत.
म्हणजे सराव होता.

त्याच्याकडे बघायचं नाही, हे सोपं गेलं.
खाली बघायचं नाही, हे जमेना.
जमीन असते जागेवरच,
तरी आम्ही दर पावलाला तिची हजेरी घेतो.
मिळतो तेव्हा मान पुल्लिंगी,
झुकते तेव्हा स्त्रीलिंगी,
हे शाळेत पाठ केलं होतं,
काठी लागेपर्यंत कळलं नव्हतं.

एक दोन तीन. खिडकी.
नीरफणसाचं झाड. पोदेराची टेकवलेली सायकल.
खांब. खुर्च्यांचा ढीग. पुन्हा खिडकी.
अंग आधी वळतं, मान सगळ्यात शेवटी,
सगळ्यांना वाढून मग पानावर बसणाऱ्या यजमानिणीसारखी.
तो नेतो, हे खरं. कंबर नेतो, पाऊल नेतो.
मान नेता येत नाही त्याला.
ती मीच न्यायची, आणि नेतेय असं दिसू द्यायचं नाही.

आणि एक गोष्ट कुणीच सांगितली नव्हती:
तो मागे पाऊल टाकतो तेव्हा डोळे माझे.

नोव्हेंबरातल्या एका गुरुवारी
एर्मेलिंडाबायचा शेल्डन चेंडूमागे धावत आत आला,
थेट झेफेरिनोच्या पाठीशी.
मी बोलले नाही. दंडावरची तीन बोटं दाबली.
तो थांबला, लाट येण्याआधी ताट धरावं तसा.
चेंडू टाचेला घासून गेला. मागोमाग पोरगा.
माझी मान तिथेच होती.
मला हे नंतर कळलं,
काठी जमिनीवर टेकल्याचा आवाज आला तेव्हा.
"आतां," ती म्हणाली. पुढे काहीच नाही.

रात्री सुनेला म्हटलं, पाठीचं माप घे गं,
मानेच्या हाडापासून कमरेपर्यंत.
साडेचौदा असायची. पंधरा भरली.
जुनी टेप, आटली असेल.
नव्या टेपनेही पंधरा.
वहीत लिहिलं. आधीचा आकडा खोडला नाही.

उद्या निळा ब्लाऊज उसवायचा आहे.
आत दाबलेलं अर्धा इंच कापड आहे,
कधी लागलं तर म्हणून
मीच ठेवलेलं.